मृगाच्या खाली, कारूच्या माथ्यावर: आफ्रिकेच्या रेडिओ आकाशात पहिली पावलं

जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र रात्री, अकराच्या सुमारास, गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. मृग नक्षत्र उंचावर असेल. त्याच्या डाव्या अंगाला व्याध लखलखत असेल, आणि व्याधाच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर, अगस्त्य. या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनात ओढा. रेघेच्या मध्याच्या किंचित खाली या आणि हात लांब करून तीन बोटं उजवीकडे सरका. हा कपोत तारकासमूहाचा दक्षिणेकडचा पट्टा. डोळ्यांना इथं फारसं काही दिसत नाही.

साडेतीन तासांनी हाच पट्टा दक्षिण आफ्रिकेतल्या कारू पठारावर जवळजवळ डोक्यावर येतो. तिथं ६४ तबकड्यांची मीरकॅट ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. तुम्हाला ओस वाटलेल्या जागेत तिला ‘एबेल ३३७६’ हा दीर्घिकासमूह दिसतो, सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांवरचा. तिथून आणखी एक मूठ उजवीकडे एनजीसी १८५१ हा गोलाकार तारकागुच्छ आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

आफ्रिकेतल्या रेडिओ खगोलशास्त्रात शिरायचं म्हणजे नेमकी सुरुवात कुठून करायची, असं विद्यार्थी वारंवार विचारतात. माझं उत्तर एकच असतं: आकाशाचा एक तुकडा निवडा, एक फाईल उघडा, एक आकडा मोजा. अभ्यासक्रम, पदवी, शिष्यवृत्ती हे सगळं त्यानंतर. म्हणून हा लेख एबेल ३३७६ धरून चालतो.

पायरी १: ही दुर्बीण कुठून आली, एवढं तरी माहीत असू द्या

आफ्रिकेत रेडिओ खगोलशास्त्र मीरकॅटपासून सुरू झालं असं समजणं चुकीचं आहे. जोहान्सबर्गजवळच्या हार्टेबीस्टहूक इथली २६ मीटरची तबकडी नासानं १९६१ साली अंतराळयानांशी संपर्कासाठी बांधली. १९७५ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेकडे आली आणि खगोलशास्त्रज्ञांच्या कामाला लागली. नायजेरियाचे सॅम्युअल ओकोये यांनी अँटनी ह्युइश यांच्याबरोबर १९६५ साली खेकडा तेजोमेघातल्या एका विलक्षण प्रखर रेडिओ स्रोताचा पुरावा मांडला. हा स्रोत म्हणजे पल्सार, म्हणजे लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारा, गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, हे जगाला पुढे कळलं. ओकोये मायदेशी परतले आणि न्सुक्का इथल्या विद्यापीठात त्यांनी संशोधन केंद्र उभं केलं.

याच ओकोयेंचं नाव आपले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नावाशी जोडलेलं आहे. विषुववृत्तावर एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारावी, जागा केनियात किंवा इंडोनेशियात असावी, अशी योजना स्वरूप, ओकोये आणि केनियाचे थॉमस ओधियांबो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. पुढं स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. खोडदच्या तबकड्या पाहताना मला ही न झालेली दुर्बीण नेहमी आठवते.

भारत आणि आफ्रिकेचं प्रत्यक्ष उभं राहिलेलं काम पाहायचं तर मॉरिशसला जावं लागेल. मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या जिथं नांदल्या त्या या बेटावर, ब्रा दो इथं, मॉरिशस विद्यापीठ आणि बंगळुरूच्या दोन संस्थांनी मिळून १९९० च्या दशकात ‘टी’ आकाराची दुर्बीण चालवली. पूर्व-पश्चिम हात २ किलोमीटरचा, त्यावर स्प्रिंगसारखे १,०२४ अँटेना. दक्षिणेकडच्या हातावर रुळांवरून ढकलायच्या ट्रॉल्या. ट्रॉली सरकवायची, मोजायचं, पुन्हा सरकवायची. असं करत दक्षिणेच्या आकाशाचा नकाशा तयार झाला.

घानाची गोष्ट आणखी वेगळी. अक्राजवळ कुंटुन्से इथं उपग्रहामार्फत फोन जोडणारी ३२ मीटरची तबकडी होती. समुद्राखालून केबल आल्या आणि तिचं काम संपलं. दक्षिण आफ्रिकेच्या मदतीनं घानानं तिचं रेडिओ दुर्बिणीत रूपांतर केलं आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिचं उद्घाटन झालं. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचं उपग्रह केंद्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही तबकडी कशी असेल हे सांगायला नको. युरोपातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दुर्बिणी एकत्र वापरताना मधल्या हजारो किलोमीटरांत ऐकणारं कोणी नव्हतं. ती पोकळी अशा तबकड्यांनी भरायची, ही त्यामागची कल्पना.

आणि मीरकॅट? तिचं उद्घाटन १३ जुलै २०१८ चं, पण माणसं तयार करण्याचं काम त्याच्या बरंच आधी सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेनं २००५ पासून विद्यार्थ्यांना या विषयासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, २००७ मध्ये कायदा करून कारूचं आकाश रेडिओ गोंगाटापासून राखलं, आणि आधी सात तबकड्यांची कॅट-७ (कॅट म्हणजे ‘कारू अ‍ॅरे टेलिस्कोप’) बांधून हात बसवला. ‘मीर’ म्हणजे आफ्रिकान्स भाषेत ‘अधिक’. म्हणजे अधिकचं कॅट. (तिथल्या एका मुंगसासारख्या प्राण्याचंही हेच नाव.) २०१६ मध्ये फक्त १६ तबकड्या जोडल्या होत्या तेव्हा आकाशाच्या एका छोट्या तुकड्यात, जिथं आधी ७० दीर्घिका माहीत होत्या, तिथं १,३०० हून अधिक दिसल्या. आधी माणसं, मग लोखंड, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पायरी २: दुर्बिणीचा स्वभाव ओळखा

एक सूत्र पाठ करा. दुर्बिणीला किती बारीक दिसतं हे काढायचं तर तरंगलांबीला तबकड्यांमधल्या सर्वांत मोठ्या अंतरानं भागा आणि २,०६,२६५ नं गुणा. उत्तर विकलांमध्ये येतं (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). मीरकॅटच्या प्रतिमा बहुधा १.२८ गिगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे तरंगलांबी साडेतेवीस सेंटिमीटर. तबकड्या जास्तीत जास्त ८ किलोमीटर अंतरावर. आकडे घाला: सुमारे ६ विकला. प्रत्यक्ष प्रतिमांमध्ये ७-८ विकला आढळतील, कारण दूरच्या जोड्या कमी असतात.

आता खोडदशी ताडून पाहा. जीएमआरटीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर, पसारा २५ किलोमीटर. मीरकॅटच्या ६४, प्रत्येकी १३.५ मीटर, आणि त्यातल्या ४८ मधल्या एक किलोमीटरमध्ये दाटीवाटीनं उभ्या. एकूण क्षेत्रफळ जीएमआरटीचंच पाचपट. मग मीरकॅटला इतकं अंधुक कसं दिसतं? एक तर तिचे ग्राहक (रिसीव्हर) अतिथंड केलेले, उणे २५० अंशांच्या आसपास, त्यामुळे स्वतःची खरखर कमी. दुसरं, तबकडी लहान म्हणजे दृष्टिक्षेत्र मोठं: एका वेळी पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीचं आकाश. आणि मधल्या दाटीमुळे विरळ, पसरलेले ढग छान पकडता येतात. जीएमआरटीचं बळ कमी वारंवारतेत आणि लांब हातांत आहे. नवशिक्यानं दोन्ही वापराव्यात. कपोतापर्यंत दोघींचीही नजर पोचते.

पायरी ३: सामान

साधा लॅपटॉप पुरतो. प्रतिमा पाहायला कार्टा हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते घडवणाऱ्या संस्थांत केप टाउनची एक संस्था आहे. ते लिनक्स आणि मॅकवर सरळ चालतं. विंडोज असेल तर डीएस९ घ्या, फक्त थोडं गणित हातानं करावं लागेल. पुढच्या पायरीसाठी पायथन ही संगणकभाषा आणि अ‍ॅस्ट्रोपाय हे तिच्यातलं खगोलशास्त्राचं साधन शिकायला घ्या, पण त्यासाठी थांबून राहू नका.

फाईल कुठली? मीरकॅटच्या दीर्घिकासमूह सर्वेक्षणाची, म्हणजे एमजीसीएलएसची. ११५ समूह, प्रत्येकाचं ६ ते १० तासांचं निरीक्षण, आणि तयार प्रतिमा सगळ्यांना खुल्या. दक्षिण आफ्रिकेच्या रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेच्या, म्हणजे सारावच्या, संकेतस्थळावरून एबेल ३३७६ ची फिट्स फाईल (खगोलशास्त्रीय प्रतिमांचा नेहमीचा फाईल-प्रकार) उतरवा. ‘बेसिक’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन प्रकार दिसतील. दुसरा घ्या. तबकडीला मध्यभागी जास्त आणि कडेला कमी ऐकू येतं, तो फरक त्यात दुरुस्त केलेला असतो.

पायरी ४: फाईल उघडा, आणि घाई करू नका

पहिल्यांदा उघडल्यावर पडदा जवळजवळ काळा दिसेल. फाईल बिघडलेली नाही. चार-दोन प्रखर ठिपक्यांनी सगळी रंगपट्टी खाऊन टाकलीय. मापनाची पट्टी लॉगवर टाका, वरची मर्यादा हळूहळू खाली आणा. आता दाण्यादाण्यांची पार्श्वभूमी दिसू लागेल आणि तिच्यावर शेकडो बिंदू. यातला जवळजवळ कुठलाही बिंदू तारा नाही; बहुतेक दूरच्या दीर्घिका आहेत, कित्येकींच्या पोटात जागं कृष्णविवर.

मध्याच्या आसपास शोधत राहा. एमआरसी ०६००-३९९ ही दीर्घिका सापडेल. तिच्यातून निघालेले दोन झोत सरळ जाता जाता अचानक काटकोनात वळतात आणि दोन्हीकडे पसरत जातात, जणू मुठीशी मूठ लावून ठेवलेले दोन विळे. २०२१ मध्ये मूळचे नायजेरियाचे आणि तेव्हा दक्षिण आफ्रिकेत काम करणारे जेम्स चिबुएझे यांच्या गटानं याचा उलगडा ‘नेचर’मध्ये मांडला. समूहातल्या तप्त वायूच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्राचा ताणलेला पडदा आहे, झोत त्याच्यावर आदळतो, पडदा भेदू शकत नाही आणि त्याच्या कडेनं वाहत जातो. जपानमधल्या अतेरुई-२ महासंगणकावर हेच घडवून पाहिलं, तर आकृती तशीच आली. प्रतिमेत तो विळा स्वतः शोधून मगच हे स्पष्टीकरण वाचायला मी विद्यार्थ्यांना सांगतो. उलट केलं तर डोळा आळशी होतो.

आता नजर समूहाच्या दोन्ही टोकांना न्या. पूर्वेला आणि पश्चिमेला फिकट कमानी आहेत. समूह एकमेकांवर आदळल्यावर उठलेल्या धक्कालाटांच्या या खुणा. यांचं वर्णन करणारा २००६ चा ‘सायन्स’मधला निबंध पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या जॉयदीप बागची आणि सहकाऱ्यांचा. एका कमानीपासून दुसरीपर्यंत रेघ ओढून अंतर विकलांमध्ये वाचा. या समूहाच्या अंतरावर १ विकला म्हणजे साधारण ३,००० प्रकाशवर्षं. गुणाकार करा. लाखांत उत्तर आलं की जरा वेळ त्या रेघेकडे बघत बसा.

पायरी ५: एक आकडा मोजा

आधी खरखर मोजा. जिथं काही नाही असा चौकोन निवडा आणि आकडेवारीच्या खिडकीत आरएमएस, म्हणजे चढउतारांची सरासरी पातळी, वाचा. स्रोताच्या आसपासचाच चौकोन घ्या, कारण कडेकडे खरखर वाढत जाते. या आकड्याच्या तिपटीखालचं काहीही खरं मानू नका. पाचपटीवर असेल तर विश्वास ठेवा.

मग स्रोताभोवती कुंपण घाला आणि एकूण प्रवाह, म्हणजे स्रोताकडून आपल्यापर्यंत पोचणारं रेडिओ तेज, वाचा. इथं नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक होते. प्रतिमेतला प्रत्येक पिक्सेल ‘जान्स्की दर बीम’ या एककात असतो: जान्स्की हे प्रवाहाचं एकक, आणि बीम म्हणजे दुर्बिणीला वेगळा ओळखू येणारा लहानात लहान ठिपका. पिक्सेल नुसते बेरजेत घेतले तर तोच प्रकाश पुन्हा पुन्हा मोजला जातो. बेरजेला एका बीममध्ये किती पिक्सेल मावतात त्या संख्येनं भागावं लागतं. ती अशी: १.१३३ गुणिले बीमची लांबी गुणिले रुंदी, भागिले एका पिक्सेलचं क्षेत्रफळ. समजा बीम साडेसात विकलांचा आणि पिक्सेल सव्वा विकलेचा. तर उत्तर ४१ येतं. भागायला विसरलात तर तुमची दीर्घिका ४१ पट तेजस्वी होईल. कार्टा हा भागाकार स्वतः करून ‘फ्लक्स डेन्सिटी’ दाखवतं. डीएस९ मध्ये तुम्ही करायचा.

पायरी ६: खोडदला साक्षीला बोलवा

एका वारंवारतेवरचा आकडा मुका असतो. दोन वारंवारतांवरचे आकडे मिळाले की स्रोताचं वय, स्वभाव, इंधन याबद्दल बोलता येतं. दुसरा आकडा जीएमआरटीकडून घ्या. तिच्या १५० मेगाहर्ट्झच्या टीजीएसएस सर्वेक्षणात क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे ५३ अंशांपर्यंतचं आकाश येतं, आणि त्या प्रतिमाही खुल्या आहेत.

समजा एक स्रोत १५० मेगाहर्ट्झला १०० मिलिजान्स्की आणि १,२८० मेगाहर्ट्झला १८ मिलिजान्स्की भरला. प्रवाहांच्या गुणोत्तराचा लॉग ०.७४५, वारंवारतांच्या गुणोत्तराचा ०.९३१. भागाकार ०.८, आणि वारंवारता वाढताना प्रवाह घटतोय म्हणून चिन्ह उणे. याला वर्णपट निर्देशांक म्हणतात. उणे ०.७-०.८ म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे, धडधाकट इलेक्ट्रॉन. उणे १.५ किंवा त्याहून तीव्र म्हणजे बहुधा थकलेले, जुने. शून्याजवळ म्हणजे झोताचा दाट उगम असू शकतो.

पण दोन्ही प्रतिमा सारख्याच बारकाईच्या केल्याशिवाय हा भागाकार करू नका. टीजीएसएसचा बीम २५ विकलांचा, आणि दक्षिणेकडे तो उत्तर-दक्षिण ताणला जातो. कपोताइतक्या खाली तो जवळजवळ ४९ विकला लांब होतो. म्हणून आधी मीरकॅटची प्रतिमा तेवढी धूसर करायची. कासा या सॉफ्टवेअरमधली ‘आयएमस्मूथ’ ही आज्ञा ते करते. मग दोन्हीवर एकच कुंपण. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी ही पायरी गाळली होती. एका कमानीचा निर्देशांक अशक्य तीव्र आला आणि दोन दिवस मी नवा शोध लागल्याच्या आनंदात होतो. विद्यार्थ्यांचा वेळ तसा जाऊ नये म्हणून इतकं सविस्तर सांगतोय. फिकट कमानींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी: टीजीएसएसमध्ये काही दिसलं नाही तर ‘तिथं काही नाही’ असं लिहू नका, ‘इतक्या मिलिजान्स्कीपेक्षा कमी’ असं लिहा.

पायरी ७: कच्चा डेटा, आणि तो लगेच का नको

उत्साही माणूस इथं म्हणतो, आता मूळ निरीक्षणंच उतरवतो. आधी हिशेब करू. ६४ तबकड्यांच्या २,०१६ जोड्या. प्रत्येक जोडीचे ४,०९६ वारंवारता-कप्पे, चार ध्रुवीकरणं, प्रत्येक आकड्याला ८ बाइट. म्हणजे दर ८ सेकंदांना २६४ मेगाबाइट, तासाला सुमारे ११९ गिगाबाइट, आठ तासांना जवळजवळ एक टेराबाइट. म्हणून आफ्रिकेत हे काम विद्यापीठांच्या सामाईक संगणक-समूहांवर चालतं, केप टाउनचा इलिफू हा त्यातला एक.

शिकायला मात्र छोटा नमुना घ्या: थोडेच कप्पे, थोडाच वेळ. फाईलमध्ये तबकड्यांची नावं दिसतील, एम-००० पासून एम-०६३ पर्यंत. पीकेएस १९३४-६३८ या नावाकडे लक्ष द्या. हा वजनकाट्यावरचा प्रमाणित किलो. त्याचा प्रवाह पक्का माहीत असल्यानं बाकी सगळं त्याच्याशी ताडून ठरवतात. मग गोंगाट छाटायचा. ९२५ ते ९६० मेगाहर्ट्झला मोबाइलचे मनोरे, १,०९० ला विमानं, १,५७५ ला जीपीएस उपग्रह. कारूत मोबाइलला बंदी घालता येते, उपग्रहांना नाही. जीएमआरटीचा छोटा डेटा हाताशी असेल तर पहिला सराव त्याच्यावर करा. मदतीला माणूस पुण्यात सापडेल.

पायरी ८: माणसं गाठा

कोडिंग नको असेल तर झूनिव्हर्स या संकेतस्थळावर मीरकॅटच्या डेटातले क्षणिक स्रोत नागरिकांकडून तपासून घेणारे प्रकल्प झालेत. भारतात रॅड अ‍ॅट होम हा गट जीएमआरटीच्या प्रतिमा सामान्य माणसांना वाचायला शिकवतो. बीएस्सी किंवा अभियांत्रिकीत असाल तर एनसीआरए (पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) आणि आयुका डिसेंबरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात, तिच्यावर लक्ष ठेवा. पीएचडी आफ्रिकेत करायची तर केप टाउन, वेस्टर्न केप, ऱ्होड्स, नॉर्थ-वेस्ट ही विद्यापीठं पाहा. सारावच्या शिष्यवृत्त्यांच्या अटी आधी नीट वाचा. त्यातल्या बऱ्याच दक्षिण आफ्रिकेच्या आणि भागीदार आफ्रिकी देशांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि ते रास्तच आहे. घाना, केनिया, झांबिया, मादागास्कर अशा देशांत डारा या प्रकल्पातून तरुणांना हीच कामं प्रत्यक्ष शिकवली गेली.

कामाची कमतरता पडणार नाही. कारूत १३३ नव्या तबकड्या उभ्या राहतायत. मीरकॅटच्या ६४ मिळून १९७ झाल्या की ती एसकेए-मिड, म्हणजे ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या आंतरराष्ट्रीय दुर्बीण-प्रकल्पाचा आफ्रिकेतला भाग, होईल, पसारा १५० किलोमीटर. भारतानं या प्रकल्पासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केलेत, आणि दुर्बिणींच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग पुण्याच्या एनसीआरएच्या नेतृत्वाखाली घडतोय. म्हणजे कारूतली तबकडी वळेल तेव्हा तिला वळायला सांगणारा कोड कदाचित पुण्यात लिहिलेला असेल.

एखाद्या संशोधकाला मेल लिहायचा असेल तर ‘मला खगोलशास्त्राची आवड आहे’ एवढंच लिहू नका. एबेल ३३७६ ची तुमची प्रतिमा जोडा, मोजलेला आकडा आणि खरखर लिहा, कुंपण कुठं घातलं ते दाखवा, आणि जिथं अडलात तो एकच प्रश्न विचारा. अशा मेलला उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आता एनजीसी १८५१. दुर्बीण किंवा चांगला द्विनेत्री असेल तर गच्चीवरूनच तो धूसर कापसासारखा दिसेल. २००४ मध्ये जीएमआरटीनं त्यात पहिला पल्सार शोधला. मग मीरकॅटनं तिथं आणखी पल्सार टिपले. त्यातल्या एकाचा जोडीदार सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट वजनाचा निघाला, हे जानेवारी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. न्यूट्रॉन ताऱ्यांत बसवायला तो फार जड वाटतो, कृष्णविवरांत बसवायला फार हलका. तो नक्की काय आहे हे अजून ठरलेलं नाही. तुमच्या दुसऱ्या वहीचं पहिलं पान त्याच्यासाठी ठेवा.